सिद्धूचे पाय

रामटेके काकू आमच्या घरी पहिल्यांदा आल्या त्या भांडायला, असा निदान माझ्या आईचा समज झाला होता. वणीजवळच्या कोळसा खाणीच्या कॉलनीत आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. बाबा खाणीच्या ऑफिसात कारकून होते. शेजारच्या क्वार्टरमधला एक मुलगा, सिद्धू, आमच्या दारात येऊन उभा राहायचा. बुटका, गुबगुबीत, डोळे जरा तिरपे, जीभ थोडी बाहेर. तो हसला की समोरच्यालाही हसावंच लागे. आईने त्याला बेसनाचा लाडू दिला. मग तो रोज येऊ लागला आणि आई रोज देऊ लागली. एका दुपारी त्याच्यामागून त्याची आई आली.

"बाई, माह्या पोराले खायले देऊ नोका," त्या दारातूनच म्हणाल्या.

"अहो, लेकरू दारात येतं. प्रेमानं देते मी."

"प्रेम आहे तं त्याच्यासंग चाला. पाण्याच्या टाकीपर्यंत जा न् वापस या. लाडवानं त्याचं पोट वाढते. पाय नाई वाढत."

एवढं बोलून त्या मुलाचा हात धरून निघून गेल्या. आईला राग आला. "आपण द्यायचं आणि वर ऐकून घ्यायचं," असं ती बाबांपाशी पुटपुटली. पण दोन-चार दिवसांनी संध्याकाळी मी पाहिलं तर आई सिद्धूचं बोट धरून टाकीच्या रस्त्याने चालली होती. माझी आई घर ते किराणा दुकान याच्यापलीकडे कधी पायी गेलेली बाई नव्हती. कॉलनीतल्या आणखी दोघी-तिघींच्या घरी काकूंनी हेच सांगितलं होतं. त्यातल्या काहींनी त्यांच्याशी बोलणं टाकलं.

सिद्धूला डाउन सिंड्रोम आहे, हे शब्द मी फार पुढे ऐकले. कॉलनीत कोणी त्याला येडा म्हणत, मायाळू माणसं भोळा म्हणत. काकूंना दोन्ही चालत नसे. "येडा-भोळा काही नाई. त्याचं अंग ढिलं आहे," त्या म्हणत. "ढिलं आहे ते घट्ट करा लागते. बस, एवढंच." त्यांच्या लेखी जगातला सगळा प्रश्न स्नायूंचा होता.

त्या मूळच्या बाभुळगावकडच्या. शाळेत असताना कबड्डी खेळायच्या, आणि चांगल्या खेळायच्या. जिल्ह्याच्या सामन्यांसाठी यवतमाळला जाऊन आल्या होत्या. मॅट्रिक झाल्या तशी घरच्यांनी लग्न लावून दिलं आणि खेळ तिथेच संपला. पण बोलताना गुडघ्यांवर हात ठेवून किंचित वाकायचं आणि भुवयांखालून समोरच्याकडे पाहायचं, ही चढाईवाल्याची लकब राहिली होती. भाजीवाल्याशी घासाघीस करतानासुद्धा त्या तशाच उभ्या राहत. माणसांची पारख त्या पोटऱ्यांवरून करत. माझ्या मावशीसाठी स्थळ आलं तेव्हा मुलगा हातपाय धुवायला न्हाणीत गेला होता. काकूंनी परसातून त्याला पाहून घेतलं आणि आईला सांगितलं, "पोरगा गुणाचा दिसते. पण पोटऱ्या नाईत." ते लग्न झालं. मावशीचा नवरा चांगला निघाला. काकूंचं मत मात्र कायम राहिलं.

सिद्धूच्या जन्माची गोष्ट त्या कोणालाही सांगत, पण एकाच पद्धतीने, रडारड न करता. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात त्याला दाखवलं तेव्हा तो त्यांच्या हातात जास्त पाणी पडलेल्या कणकेसारखा ओघळत होता. मानही धरत नव्हता. डॉक्टर म्हणाले, "याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका." त्याच दवाखान्यात व्यायाम करून घेणारी एक तरुण बाई होती. तिने गोधडीची वळकटी करून सिद्धूला तिच्यावर पालथं घातलं आणि पुढे खुळखुळा वाजवला. बऱ्याच वेळाने त्याने मान इतकुशी वर केली. "उशिरा चालेल, पण चालेल," ती बाई म्हणाली. तिने दोन गोष्टी बजावल्या. छातीचा फोटो आणि तपासणी केल्याशिवाय त्याला दमवायचं नाही, कारण अशा मुलांच्या हृदयात दोष असू शकतो. आणि मानेला हिसका बसू द्यायचा नाही, कारण मानेतली हाडं सैल असू शकतात. सिद्धूच्या हृदयातलं छिद्र लहान होतं, ते आपोआप बुजलं. मानेचं मात्र काकूंनी जन्मभर पाळलं.

बरोबरीची मुलं बालवाडीत जायला लागली तेव्हा सिद्धू चालायला लागला. त्याच्यापुढे व्यायाम हा शब्द काढला की तो जागच्या जागी मांडी घालून बसे. मग ओढा, रागवा, आमिष दाखवा, तो दगड. म्हणून काकू तो शब्द कधी काढत नसत. "चाल, दळण आणू," म्हणत आणि गिरणीला लांबच्या रस्त्याने नेत. बांधकामाच्या रेतीच्या ढिगावर त्याला अनवाणी चढवत. केस विंचरताना एका पायावर उभं करत. पाण्याची बादली अर्धी भरून त्याच्या हातात देत, आणि तो वाटेत सांडवत आला की काही न बोलता पुन्हा भरायला पाठवत. त्याला वाजवण्याचं वेड होतं. काकू परात घेऊन ओट्यावर बसत आणि तिच्यावर बोटांनी ठेका धरत, आणि हा समोर घामाघूम होईपर्यंत नाचत असे. त्याचे वडील, देवरावकाका, खाणीत डंपर चालवत. ड्युटीवरून आले की ते खाटेवर बसून हे बघत.

"कायले जीव घेतं त्याचा?" ते म्हणत. "बसू दे त्याले."

"तुमी बसा," काकू म्हणत.

संध्याकाळी मैदानावर आम्ही मुलं कबड्डी खेळायचो, तिथेही काकूंनी त्याला आणलं. पण नियम त्यांचा. सिद्धू चढाईला आला तर कोणी पकड करायची नाही, त्याच्या मानेला हात लावायचा नाही. त्याने कोणाला तरी शिवायचं आणि परत यायचं. त्याला 'कबड्डी' म्हणता येत नसे. तो 'बडी, बडी' करत हात पसरून यायचा. आम्हाला त्याची दया यायची म्हणून आम्ही मुद्दाम थांबून स्वतःला शिवून घ्यायचो. काकूंच्या ते लक्षात आलं.

"खोटं बाद होऊ नोका," त्या रेषेबाहेरून ओरडल्या. "पळा. तुमी पळाले तं तो पळन."

आम्ही पळायला लागलो तेव्हा सिद्धूला महिनोन्महिने कोणी सापडलं नाही. तो रोज यायचा आणि रोज रिकामा परत जायचा, आणि परत जाताना तितकाच हसायचा. मग एका संध्याकाळी त्याने मला शिवलं. मी खरंच पळत होते. मी बाद होऊन बाहेर आले तेव्हा काकू माझ्याकडे पाहतही नव्हत्या. त्यांचं लक्ष त्याच्या पोटऱ्यांकडे होतं.

शाळेतला तो एक दिवस मला अजून दिसतो. स्नेहसंमेलनासाठी कवायतीचे सर मुलांना चटईवर कोलांट्या शिकवत होते. सिद्धू रांगेत उभा होता. सरांचा हेतू वाईट नव्हता. यालाही घ्यावं, एवढंच त्यांच्या मनात होतं. त्यांनी त्याचं डोकं चटईला टेकवलं. काकू त्या दिवशी त्याचा डबा द्यायला आल्या होत्या. डबा फाटकापाशीच पडला. भरल्या मैदानातून नऊवारीचा काष्टा मारलेली बाई इतक्या वेगाने आलेली मी पुन्हा पाहिली नाही. त्यांनी सरांना खांद्याने बाजूला केलं, सिद्धूला मानेखाली हात घालून सरळ केलं, आणि मग तिथेच बसून तो पायाची बोटं हलवतो का ते बघत राहिल्या. तो हलवत होता. सर चिडले होते. "मी काय मारत होतो का त्याला?" ते म्हणाले.

"तुमाले माहीत नोतं, म्हणून काही म्हणत नाई," काकू म्हणाल्या. "आता माहीत झालं."

पुढे यवतमाळला अशा मुलांच्या शर्यती होत्या, तिथे त्या त्याला घेऊन गेल्या. आई आणि मीही गेलो होतो. सिद्धू धावण्यात पहिला होता, चांगला पुढे होता. शेवटच्या रेषेपाशी पोचला, वाकला, रेषेला हात लावला आणि वळून जीव खाऊन परत काकूंकडे धावत आला. बाकीची मुलं त्याच्या समोरून येऊन रेषेपलीकडे गेली. प्रेक्षक हसले. तो काकूंना येऊन भिडला तो 'बडी, बडी' म्हणतच. काकूही हसल्या. येताना एसटीत मात्र त्या सिद्धूच्या पोटऱ्या चोळत बसल्या. मग आईला म्हणाल्या, "म्या त्याले परत यायलेच शिकवलं. पुढं जायाचं शिकवायचं राहून गेलं."

देवरावकाका ड्युटीवरच हृदयविकाराने गेले. त्यांच्या जागी काकूंना खाणीच्या कॅन्टीनमध्ये नोकरी मिळाली. त्याच सुमारास गावातल्या आणखी काही घरांतून अशी मुलं त्यांच्याकडे येऊ लागली. कोणी बोलावलं नव्हतं, ऐकून येत. मैदानाच्या एका कोपऱ्यात संध्याकाळी ती मुलं चेंडू फेकत, विटांवरून उड्या मारत, परातीच्या ठेक्यावर नाचत. आया कडेला बसून बोलत. त्यांना बोलायला दुसरी जागा नव्हती. ही दोन-तीन वर्षं काकूंच्या आयुष्यातली बरी वर्षं असावीत.

त्यांत पिंकी नावाची एक मुलगी होती. तिचे ओठ निळसर असत. काकूंनी तिच्या आईला आधी तपासणी करून आणायला लावली. हृदयाचा दोष मोठा होता आणि ऑपरेशनची वेळ टळून गेली होती. काकू तिला नाचू देत नसत. ती बसून चेंडू झेलायची आणि दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवायची. त्या हिवाळ्यात पिंकी घरी, झोपेत गेली. पण गावात बोललं गेलं ते असं की व्यायामाने मेली. तिची आई तसं म्हणत नव्हती. बाकीच्यांच्या मनात मात्र ते बसलं. एकेक मूल येईनासं झालं. काकू त्यांच्या घरी गेल्या, ओट्यावर बसून चहा पिऊन आल्या. येतो म्हणूनही कोणी आलं नाही. मग खाणीचं काम वाढलं आणि मैदानावर कोळशाचे ट्रक उभे राहू लागले. मैदानच गेलं, तेव्हा मुलं आली असती तरी त्यांना न्यायला जागा उरली नव्हती.

काकू आणि सिद्धू मग दोघंच रस्त्याने चालत. पहाटे, ट्रकची वर्दळ सुरू व्हायच्या आत. कोळशाची धूळ इतकी असे की दोघं परत येत तेव्हा त्यांच्या डोळ्यांच्या कडा काजळ घातल्यासारख्या दिसत. सिद्धू तिशीत आला होता. अंग घट्ट, खांदे रुंद. कॅन्टीनमध्ये पाण्याचे जार उचलून ठेवायचं काम त्याला मिळालं होतं, आणि ते तो कोणाच्या मदतीशिवाय करत असे. मी तोवर यवतमाळला शिक्षिका झाले होते. सुट्टीत आले की काकू मला त्याच्या पोटऱ्या दाखवत. "हात लाव," म्हणत. "दगड आहे पाह्य."

तो चाळिशीला आला तेव्हा सुरू झालं. आधी तो पायऱ्यांशी थांबायला लागला. रोजच्या चढायच्या दोन पायऱ्या, पण त्यांच्याकडे तो विहिरीच्या काठावरून पाहावं तसं पाहायचा. काकूंना वाटलं, नजर कमी झाली. चष्मा केला. मग चपला उलट्या. मग जार उचलून तो तसाच उभा राहायचा, कुठे ठेवायचा ते त्याला आठवायचं नाही. काकूंनी त्याचं चालणं वाढवलं. त्यांना तेवढंच माहीत होतं. कॅन्टीनमधून त्या निवृत्त झाल्या, क्वार्टर सुटलं, आणि वणीच्या बाहेर चंद्रपूरच्या रस्त्याला लागून दोन खोल्यांचं घर त्यांनी घेतलं. नव्या घरात सिद्धू अजून बिचकला.

नागपूरला डॉक्टरकडे मी त्यांच्याबरोबर गेले होते. हे डॉक्टर तरुण होते, नीट बोलणारे. त्यांनी सांगितलं की डाउन सिंड्रोम असलेल्या बऱ्याच जणांना म्हातारपणीचा विसरण्याचा आजार चाळिशी-पन्नाशीतच गाठतो. तो थांबवणारं औषध नाही. पुढे तो बोलणं विसरेल, माणसं विसरेल.

काकूंनी गुडघ्यांवर हात ठेवले होते. "कसरतीनं थांबन का?" त्यांनी विचारलं.

"झेपेल तोवर चालू ठेवा. शरीर चांगलं राहील."

"शरीर चांगलंच आहे त्याचं," काकू म्हणाल्या.

सिद्धू भिंतीवरच्या पंख्याच्या बटनाकडे बघत बसला होता.

त्यानंतर तो चालायला लागला. घरातून, रस्त्यावर, कुठेही. बोलणं गेलं होतं, माणसं पुसट होत होती, पण पाय काही विसरले नव्हते. काकू साठी ओलांडून गेलेल्या, गुडघे धरलेले. तो दारातून निघाला की त्यांना गाठता येत नसे. एकदा दिवसभर शोधल्यावर एका ट्रक ड्रायव्हरने त्याला केबिनमध्ये बसवून परत आणलं. चंद्रपूर रोडवर, नदीच्या पुलावर, ट्रकांच्या रांगेतून तो चालला होता. कुठे जायचं, हे त्याला सांगता येत नव्हतं. ड्रायव्हर म्हणाला, "अम्मा, बांध के रखो इसको." काकूंनी ड्रायव्हरला पाणी दिलं आणि मान हलवली.

मी त्या आठवड्यात भेटायला गेले. काकू चहा टाकत होत्या. माझ्याकडे पाठ करून म्हणाल्या, "रजनी, त्या पहिल्या डाक्टरचं म्या ऐकलं असतं तं आज तो खाटेवर बसून राह्यला असता. माह्या नजरेसमोर. जाड झाला असता, ढिला झाला असता. पण राह्यला असता."

मी म्हणाले, "काकू, असं नका म्हणू. त्याची इतकी वर्षं चांगली गेली."

"गेली न," त्या म्हणाल्या आणि चहा गाळला.

पुढचं मी पाहिलं नाही, फोनवर ऐकलं. हिवाळ्यात त्याला फिट येऊ लागल्या. एका मोठ्या फिटनंतर तो उठलाच नाही, चालणं थांबलं. मग छातीत कफ झाला आणि चंद्रपूरच्या दवाखान्यातच तो वारला. काकूंना त्यांची बहीण बाभुळगावकडे घेऊन गेली. तिथे त्या कोणाशी फारसं बोलत नसत, असं बहीण म्हणाली. जेवण कमी झालं होतं. दुखणं असं काही निघालं नाही. पुढच्या पावसाळ्यात त्याही गेल्या. मला कळलं तोवर सगळं आटोपलं होतं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते सिद्धूला फिट येऊ लागण्याच्या जरा आधी, दिवाळीत. फराळाचा डबा घेऊन गेले होते. बाहेरचं दार उघडंच होतं. काकू जमिनीवर बसल्या होत्या, आतल्या खोलीच्या बंद दाराला पाठ लावून, पाय समोर पसरून. मांडीवर मेथीची जुडी होती. आतून दारावर धक्का बसला, काकूंचं सगळं अंग पुढे आलं आणि पुन्हा मागे टेकलं. त्यांनी एक काडी उचलली, पानं खुडली, काडी बाजूला ठेवली.

"कडी उखडली त्यानं," त्या म्हणाल्या. "सुतार दिवाळी झाल्यावर येईन म्हणते. तवरोक असंच बसा लागते."

"कधीपासून बसलात?"

"सकाळचा ढकलून राह्यला."

मी डबा ठेवला आणि त्यांच्या शेजारी दाराला पाठ लावून बसले. पुढचा धक्का आला तेव्हा मी जवळजवळ तोंडावर गेले. सत्तरीकडे आलेल्या बाईने हे सकाळपासून कसं धरलं होतं, मला कळेना. दाराच्या फळीतून त्याचा श्वास ऐकू येत होता, जोराचा, एका लयीतला. तो ओरडत नव्हता, काही मागत नव्हता. फक्त ढकलत होता.

"लागलं का तुले?" काकूंनी विचारलं.

"नाही."

"ताकद पाह्य त्याची," त्या म्हणाल्या. बोलताना त्यांचा चेहरा क्षणभर उजळला, मग मावळला. त्यांनी तळवे फरशीला घट्ट लावले, आतून पुन्हा धक्का आला, तो त्यांनी अंगावर घेतला आणि जुडीतली पुढची काडी माझ्या हातात दिली.